बांधापलीकडचा हरभरा

आमच्या नांदेडच्या स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीचे दोन डबे असायचे. एक अण्णाच्या डाळीचा, एक धाकट्याच्या. हे दोघं माझे भाऊ, मी मधली. त्यांची शेतं औशाजवळ, एकाच बापाची, मधे नुसता एक बांध. अण्णा रासायनिक शेती करतो, धाकटा सेंद्रिय. दर उन्हाळ्यात दोघंही डाळ पाठवतात आणि मग दोघांचेही फोन येतात. "बाई, शिजवून बघितलीस का? कशी हाय?" हा अण्णा. "अक्का, खरं सांग, चवीत फरक हाय का न्हाई?" हा धाकटा. मी अण्णाला म्हणायची, मस्त आहे. धाकट्याला म्हणायची, एकदम मस्त आहे. एवढा 'एकदम' जास्त घातला की तो खूश व्हायचा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या यांनी काय करावं? डब्यांना मुंग्या लागल्या म्हणून दोन्ही डाळी उन्हात पसरल्या आणि वाळल्यावर एकाच डब्यात भरून टाकल्या. मी कॉलेजातून येऊन बघते तर हे डब्याचं झाकण लावून मोठ्या समाधानानं चहा पीत बसलेले. मी असली भडकले! "अहो, काय केलंत हे?" तर म्हणे, "डाळच आहे ना? दगड तर नाही मिसळले." आता या माणसाला काय समजावणार? मूठभर डाळ हातात घेऊन खिडकीशी बसले. हा दाणा अण्णाचा का धाकट्याचा? एकही ओळखता येईना. आणि मी कोण? अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणारी बाई!

माझ्या याच शिक्षणानं माझी पंचाईत केली आहे. दोघांचं भांडण जुंपलं की दोघंही माझ्याकडे बघतात. "अक्का केमिस्ट्रीची हाय, तिला विचारा." मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवते की युरियातला नत्र काय आणि शेणखतातला नत्र काय, मुळं घेतात ती शेवटी त्याच रूपात. हे एकदा बोलून बसले तर अण्णा आठवडाभर गावात सांगत फिरला, "बहीण माझी प्रोफेसर हाय, ती म्हणली, सगळं सारखंच." धाकट्यानं फोन करून मला धारेवर धरलं. "अक्का, मुळाचं सांगितलंस, मातीचं कोण सांगणार? अण्णाच्या रानात गांडूळ दिसतंय का बघ." तेही खरंच होतं. धाकट्याच्या रानात खुरपं मारलं की गांडूळ निघतं, बांध ओलांडला की ढेकूळ. मग मी अण्णाला मातीचं बोलले. तो म्हणाला, "मी बी शेणखताच्या गाड्या टाकतो की दरसाल. मग मी अर्धा सेंद्रिय झालो का? आन ह्याच्या रानात बापानं इतकी वर्सं डीएपी खताची पोती टाकली, ती कुठं गेली? देवाघरी?" दोघं बोलतात तेव्हा दोघांचंही पटतं. घरी येऊन बाजारातली वांगी मी मिठाच्या पाण्यात धुते, परत साध्या पाण्यात धुते आणि हे हसतात.

धाकटा सेंद्रियाकडे वळला तो काही पुस्तकं वाचून नाही. सोयाबीनवर औषध मारताना एका दुपारी भोवळ येऊन पडला. औषध मारणं म्हणजे फवारणी. आमच्याकडे किडीच्या विषालाही औषधच म्हणतात. अण्णानं त्याला खांद्यावर टाकून बांधापासून सडकेपर्यंत आणलं आणि जीप थांबवून औशाच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस अण्णा त्याच्या खाटेपासून हलला नाही. बरा होऊन आल्यावर धाकट्यानं स्वतःचा फवारणीचा पंप विकून टाकला. तेव्हापासून त्याचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून ड्रम घुसळणं सुरू. अण्णा बांधावरून ओरडायचा, "काय शिजवायलास रे? जेवायला येऊ का?" वास असा की वहिनी पदर नाकाला लावून जायची.

पण पोरगं चिकाटीचं. पोरगं म्हणते, त्याला आता चाळिशी लागली. भोकरकडच्या शेतकऱ्यांच्या एका गटात गेला, सेंद्रियाच्या शिक्क्यासाठी नाव घातलं. नियम असा की सलग तीन वर्षं रानात रासायनिक कणभरही पडता कामा नये. शेजारच्या शेतातलं औषध वाऱ्यानं उडून यायला नको म्हणून बांधालगतच्या काही ओळी त्यानं सोडूनच दिल्या. त्या सोडलेल्या ओळी बघून अण्णाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या रानाचा इटाळ मानायला लागला ह्यो!" यंदाचं हे तिसरं वर्ष. आता तपासणीचे साहेब तेवढे यायचे बाकी होते, ते बघणार आणि शिक्का मिळणार. पण मला माहीत होतं, धाकट्याला शिक्क्यापेक्षाही एक गोष्ट हवी होती. अण्णानं एकदा, एकदाच, म्हणावं की तुझं बरोबर आहे. मला फोनवर म्हणालाही होता, "साहेब काय, कागद देऊन जाईल. अण्णाच्या तोंडून निघाया पायजे."

यंदा येळवशीला मी गेले. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या लातूर भागाबाहेर कुणाला सांगितलं तर विचारतात, अमावास्येला कसला सण? आमच्याकडे त्या दिवशी गावं रिकामी होतात. सगळे रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करायची, म्हणजे छोटी खोपच, आत चुन्यानं रंगवलेले दगड मांडून पूजा करायची, आंबिलीचा माठ भरायचा आणि रानातल्या हिरव्या शेंगा-दाण्यांची, पाल्याची भज्जी खायची. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे हो. चण्याच्या पिठात शिजवलेला तो एक गोळाच असतो, ज्यानं खाल्ला नाही त्याला सांगून उपयोग नाही. वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हात धरून जेवायला बसवायचं. वाटण्या झाल्या तरी आमच्या दोन भावांची कोप एकच. ही अव्वाची अट. अव्वा म्हणजे आमची आई.

मी आदल्या दिवशी संध्याकाळी पोचले. नांदेडहून लातूर, लातूरहून औसा, बसनं अंगाचा भुगा झालेला. घरात शिरते तर तणतण चालू. यंदा अव्वानं फर्मान काढलं होतं की भज्जीला पाला धाकट्याच्या रानातला घ्यायचा. त्याचं तिसरं वर्ष, त्याच्या रानाचा मान. आणि अण्णा स्वतःच्या रानातला हरभऱ्याचा पाला गाठोडं भरून घेऊन आलेला. "ह्योच घालायचा," म्हणून चुलीपाशी ठाण मांडून बसलेला. अव्वा म्हणाली, "आरं, मी सांगितलं की धाकट्याचा." तर अण्णा उठेना. "एकदा सांगितलं न्हवं? माझाच घालायचा."

धाकटा दारात उभा. सकाळीच भोकरहून आलेला, गटातल्या कुणाच्या शेतावर दोन दिवस मुक्कामाला होता. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. "अक्का, बघितलंस? येळवशीला बी माझ्या रानातलं तोंडात घालवंना ह्याला." मला अण्णाचा असला राग आला! इतका कद्रूपणा? सणासुदीला? मी बोललेसुद्धा, "अण्णा, लाज वाटत नाही का रे? मोठा ना तू?" त्यावर हा माणूस, जो कधी एकाचं उत्तर बाकी ठेवत नाही, खाली मान घालून पाला निवडत बसला. मला वाटलं, वय झालं, हट्टी झाला.

सकाळी रानात गेलो. कोप उभी होती, वहिनीनं आणि धाकट्या भावजयीनं मिळून पूजा मांडली. आंबील शिंपडत रानाला फेरी मारायची असते, ते कानडी वळणाचं जे म्हणायचं असतं ते म्हणत. अण्णा आणि धाकटा त्यांच्या फेरीला गेले. मी एकटीच धाकट्याच्या हरभऱ्यात शिरले. हरभरा लई देखणा आला होता, घाटे, म्हणजे त्याच्या शेंगा, धरायला लागलेले. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, आंबट दहिवरच म्हणा ना. लहानपणी आम्ही तिघं सकाळी हात फिरवून बोटं चाटायचो. माझा हात आपोआप पाल्यावरून फिरला आणि बोट तोंडाकडे गेलं.

"ए! तोंडात घालू नको!"

अण्णा फेरी सोडून पळत येत होता. आंबिलीचं भांडं हातात हिंदकळत होतं, धोतरावर सांडत होतं. धाकटा मागं लांब राहिला होता, रानाच्या पार त्या कोपऱ्यात. अण्णानं येऊन माझा हात धरला, मनगट दुखेल इतका घट्ट, आणि भांड्यातली आंबील ओतून माझी बोटं धुतली. देवाची आंबील! मी बघतच राहिले. सेंद्रिय रानातलं बोट तोंडात घालायला याची हरकत काय? मग त्याचं तोंड बघितलं. आणि आदल्या दिवशीचं गाठोडं आठवलं.

"अण्णा, तू इथं मारलंस?"

"हळू बोल."

"कधी?"

"परवा. त्यो भोकरला गेलता तवा." इकडं तिकडं बघत तो भराभरा बोलायला लागला. "आभाळ आलतं दोन-तीन दिस. घाटेअळी पडली बाई. माझ्या रानात मारून घेतलं, भज्जीपुरता एक कोपरा सोडून. पंपात थोडं उरलं होतं, म्हणलं..." थांबला. मग म्हणाला, "उरलं न्हवतं. नवा पंप भरला. ह्याच्या रानाकडं बघवंना मला. उभं पीक खायलीय अळी आन मी बांधावर औषध घेऊन उभा. सांग, काय करायचं मी? मोठा भाऊ हाय का कोण हाय?"

मी काय सांगणार, कपाळ? डोकंच चालेना. ओरडावं तर कशाबद्दल? चोरी केली असती तर ओरडले असते. तीन वर्षं! या एका पंपानं तीन वर्षं मातीत घातली, आणि घातली कुणी तर ज्यानं खांद्यावर उचलून त्याचा जीव वाचवला त्यानं. "अरे पण त्याची तपासणी," म्हटलं, "उद्याच साहेब येणार आहेत ना?"

"कोण सांगतंय साहेबाला? अळी मेली, पीक वाचलं. मला ठाऊक, तुला ठाऊक. तू गप राहा." आणि मग, "बाई, तुझ्या पाया पडतो." अण्णा माझ्याहून मोठा. असलं कधी बोलला नव्हता तो.

तेवढ्यात धाकटा आला. काय आनंद त्याच्या तोंडावर! रात्रीचा राग कुठल्या कुठं. हरभऱ्याची एक फांदी उलटीपालटी करून मला दाखवायला लागला. "अक्का, बघ! एक अळी दावून दे! भोकरला जायच्या आधी डहाळीनं निंबोळी अर्क शिंपडून गेलो होतो. म्हणलं लागू पडतोय का न्हाई, सारा जीव टांगणीला. आन आज बघ! साफ!" मेलेल्या अळ्या त्यानं पानावर गोळा करून आणल्या होत्या, औशाच्या बाजारातून पेढे आणावेत तशा. पान अण्णाच्या नाकासमोर धरलं. "आता तरी मान अण्णा. मान की रे! एवढं तरी."

मी अण्णाकडे बघितलं नाही. मला बघवलंच नाही. ऐकू मात्र आलं.

"मानलं बाबा."

धाकट्यानं अण्णाला मिठीच मारली. रानात, बायकांच्या देखत. कोपीपाशी बसलेल्या अव्वानं ते बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. जेवताना धाकटा अण्णाच्या ताटात स्वतः वाढत होता. वाटेनं जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारून बसवलं आणि त्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं: अळी कशी आली, अर्क कसा काढला, अण्णा काय म्हणाला. मी भज्जीचा घास घोळवत राहिले. इतकी वर्षं आईला जे बघायचं होतं ते समोर चाललेलं, आणि ते सगळं खोटं. खोटं तरी कसं म्हणू? मिठी तर खरी होती.

संध्याकाळी भोकरहून फोन आला. तिथल्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यावर पण अळी पडली होती, तो घाबरला होता. धाकटा छाती काढून बोलत होता. "काय बी दुसरं करू नको. माझा अर्क घेऊन येतो. माझ्या रानात डोळ्यानं बघितलंय मी. जिम्मा माझा." मी ओसरीवर बसून ऐकत होते. म्हणजे आता हे दोन भावांपुरतं राहिलं नाही. तिकडं कुणाचं रान याच्या शब्दावर उभं राहणार. गप बसावं तर उद्या तो माणूस बुडेल, कदाचित. कदाचित अशासाठी, की निंबोळीनं अळी मरतही असेल! मरते, मी वाचलेलं आहे. लहान असली की मरते, मोठी झाली की चिवट होते. मग इथं नेमकी कशानं मेली? आधी याचा अर्क पडला, मग त्याचं औषध पडलं. प्रयोगशाळेत पोरांनी दोन द्रव एकाच परीक्षानळीत ओतून मला विचारलं असतं की मॅडम, बदल कशानं झाला, तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सांगितलं तर हे दोघं परत एका कोपीत बसतील का? नाही सांगितलं तर धाकटा साहेबासमोर छातीवर हात ठेवून खोटं बोलेल, आणि बिचाऱ्याला कळणारही नाही की आपण खोटं बोललो. लोक त्याचा हरभरा विषमुक्त म्हणून पोराबाळांना घालतील. नांदेडला आमच्या यांना फोन करून विचारलं तर म्हणे, "तू तुझं बघ, परत ये." कसलं माझं बघ? हे काय दुसऱ्या कुणाचं होतं का?

सकाळी धाकटा गोठ्यापाशी भोकरसाठी निंबोळ्या कुटत बसला होता. मी समोर जाऊन बसले आणि सांगून टाकलं. सगळं, जसं झालं तसं. कुटायचं थांबलं. मला वाटलं आता उठेल, शिव्या देईल, अण्णाच्या दारात जाईल. त्यानं फक्त समोरची एक निंबोळी उचलून बघितली.

"म्हणजे अर्कानं न्हाई मेली?"

"तसं नाही रे. अर्कानं मेलीही असेल. सांगता येणार नाही."

"कसं सांगता येणार न्हाई? तू केमिस्ट्रीची न्हवं?"

"दोन्ही एकावर एक पडलंय बाळा. आता कुणालाच सांगता येणार नाही."

हातातली निंबोळी त्यानं परत ढिगात टाकली. मग म्हणाला, "मारलं ते मारलं. त्याचा जीव तसलाच हाय. पण मग 'मानलं' कशाला म्हणला अक्का?" त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. मला रडू फुटलं. तो रडला नाही.

दुपारी साहेब आले. तरुण माणूस, मोटारसायकलवर, लातूरहून. रानात हिंडला, माती चोळून बघितली, बांधालगतच्या सोडलेल्या ओळी बघितल्या, खूश दिसला. अण्णा त्याच्या रानात बांधाला लागून उभा होता, काहीतरी काम असल्यासारखा. त्याला अजून माहीत नव्हतं की मी बोलले आहे. साहेबानं विचारलं, "बाहेरचं काही वापरलं नाही ना?"

"वापरलंय साहेब," धाकटा म्हणाला. "रासायनिक मारलंय हरभऱ्यावर. तीन दिस झाले."

साहेब चाट पडला. "कुणी?"

"मीच."

बांधावरून अण्णा ओरडला, "ए! काय बोलायलास? साहेब, खोटं सांगायलाय ह्यो! मी मारलं! पंप माझा, औषध माझं!" आणि बांध ओलांडून आत आला, चपला काढायच्या विसरून.

"तू गप अण्णा. साहेब, रान माझं हाय. मी मारलं."

"आरं पंप तरी हाय का तुझ्याकडं? विकून खाल्लास की!"

साहेबानं माझ्याकडे बघितलं. त्या बिचाऱ्यानं लपवणारे लोक पुष्कळ बघितले असतील, कबुलीसाठी भांडणारे कुठले बघितले असणार! "मॅडम, तुम्ही तरी सांगा, नक्की कुणी मारलं?" मी तोंड उघडते तोवर दोघं परत जुंपले. शेवटी साहेबच म्हणाला, कुणीही मारलं असलं तरी नियम एकच. मोजणी परत पहिल्या वर्षापासून. शिक्का मिळायचा तर परत तीन वर्षं. त्यानं चहाही घेतला नाही, बहुतेक आम्हा तिघांकडे बघून त्याला तिथून निघावंसं वाटलं.

गाडीचा आवाज लांब गेला. अण्णा माझ्यावर डाफरेल म्हणून मी तयार होते, पण त्याचं लक्षच नव्हतं माझ्याकडे. तो धाकट्याला म्हणाला, "गेली ना रे तीन वर्सं." धाकटा म्हणाला, "गेली."

मग धाकट्यानं विचारलं, "अण्णा, एक सांग. तू पंप घेऊन आत आलास, तवा अळी कशी होती? जितीजागती होती का मरगळलेली?"

हे मला सुचलंच नव्हतं. साऱ्या जगात हे एकट्या अण्णानं बघितलं होतं. अण्णानं धाकट्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"मरगळलेली होती," तो म्हणाला. "पडाया लागली होती खाली. तुझ्या अर्कानंच."

खरं बोलला की परत लहान भावाचं तोंड बघवलं नाही म्हणून बोलला, मला आजही माहीत नाही. बहुतेक धाकट्यालाही कळलं नाही. तो नुसता मान हलवत राहिला. "अण्णा, आता तू काय बी सांगितलंस तरी मला खरं वाटंना रे."

अण्णा त्याच्याजवळ सरकला. मग, "मग मी काय करू? सांग, काय करू ते करतो. रान देऊ का माझं?"

"काय बी करू नको. पुढच्या साली अळी आली की माझ्यासंगं बांधावर बसायचं. पंपाला हात लावायचा न्हाई. मी माझा अर्क मारतो, आपण दोघं बघू."

"आन न्हाई मेली तर?"

"न्हाई मेली तर न्हाई मेली."

"सगळं खाऊन टाकंल की रे. तुझं उभं पीक."

"खाऊ दे. तू नुसतं बसायचं. एवढंच कर माझ्यासाठी."

अण्णा खाली बांधावरच बसला. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. धाकटा उत्तराची वाट बघत उभा होता, मीही. अण्णानं नकाराची मान हलवली आणि तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाला, "दुसरं काय बी सांग. ते मला जमायचं न्हाई."